बैलघोड्याच्या दारात मांजर

परळला टॅक्सीवाल्याला 'बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल फॉर ॲनिमल्स' असं पुरतं नाव सांगितलं, तर तो मान वळवून तुमच्याकडे बघत राहील. 'बैलघोडा' म्हणा, लगेच मीटर पडतो. डॉ. एस. एस. राव मार्गावरच्या या दवाखान्याचं हे बारसं गिरणगावाने केलं, आणि त्या बारशाला बैल आणि घोडा दोघेच हजर होते. मांजराला कुणी बोलावलं नव्हतं.

२०२४च्या श्रावणात मी त्या दारात उभा होतो. हातात प्लास्टिकच्या दोन टोपल्या, एकीवर दुसरी उपडी घालून सुतळीने बांधलेल्या, आणि आत ठकी. ठकी आमची मांजर, वय तेरा. २०११च्या पावसात शिवडीच्या बीडीडी चाळीत आमच्या मजल्याच्या गॅलरीत तिच्या आईने तिला आणून ठेवलं, ती राहिलीच. मांजर पिलांना सात घरं फिरवते म्हणतात. आमचं बहुधा सातवं असावं. एकशे साठ चौरस फुटांची खोली, त्यात आम्ही दोघं नवरा-बायको, एक कपाट आणि ती. (वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, तिकडच्या बीडीडी चाळींच्या जागी टॉवर उठताहेत. आमच्या चाळी बंदराच्या जमिनीवर, म्हणून आम्ही आहोत तिथेच आहोत. ते रडगाणं पुन्हा कधीतरी.)

मी गोदीत चौतीस वर्षं टॅली क्लार्क होतो. जहाजातून उतरणारा माल धक्क्यावर उभं राहून मोजायचा, चार नगांच्या चार उभ्या रेघा, पाचव्याला त्यांच्यावर एक आडवी, आणि संध्याकाळी बेरीज जुळलीच पाहिजे. वडील शिवडीच्या कापूस डेपोत होते; त्यांनी जन्मभर कापसाच्या गाठी मोजल्या. अशा घरातल्या माणसाला आपल्या मांजराच्या पोटाखालची गाठ लिंबाएवढी होईपर्यंत कळली नाही.

आधी आम्ही एका खाजगी दवाखान्यात गेलो होतो. थंडगार हवा, भिंतीवर हसऱ्या लॅब्राडोरचा फोटो. दहा मिनिटांत कागद हातात पडला. एका बाजूच्या स्तनांची अख्खी रांग काढायची, तीन आठवड्यांनी दुसऱ्या बाजूची. भूल, औषधं, दोन्ही वेळचा मुक्काम, सगळं धरून बहात्तर हजार. रक्त तपासायच्या आधीच हा आकडा! मुलगी कामोठ्याहून फोनवर म्हणाली, "बाबा, अर्धे मी देते." ही म्हणाली, "पैशाचं बघू हो. पण एवढे टाके घेऊन ती पत्र्यावर कशी चढणार?"

त्या रात्री झोप लागली नाही. बहात्तर हजार म्हणजे माझी किती महिन्यांची पेन्शन, हे मला तोंडी येतं; ठकीचे किती महिने, हे कुठल्या कोष्टकात बघायचं? मग वडिलांनी आणि आजोबांनी सांगितलेलं, पुढे मी जुन्या पुस्तकांत वाचलेलं एकेक आठवू लागलं. या शहरात हा प्रश्न दोनशे वर्षं विचारला जातोय. फक्त जनावर दुसरं होतं.

सुरुवात परळला झाली नाही. ती कोटात झाली, आणि कुत्र्यांवरून. मोकाट कुत्री मारायचा कंपनी सरकारचा हुकूम होता आणि मारणाऱ्याला कुत्र्यामागे इनाम मिळायचं. पारशांच्या अंत्यविधीत प्रेतावर कुत्र्याची नजर पडावी लागते, त्याला ते सगदीद म्हणतात. जून १८३२ मध्ये शिपाई कुत्री धरत फिरू लागले तसे पारशी रस्त्यावर आले, हिंदू-जैन व्यापारी त्यांना मिळाले, बाजार बंद पडला आणि शेवटी फौज बोलवावी लागली. इंग्रजी कागदांत हे 'डॉग रायट्स' म्हणून नोंदलेलं आहे. दंगल शमल्यावर दोन वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जीजीभाई आणि शेठ मोतीचंद अमीचंद या पारशी-जैन जोडीने भुलेश्वराला पांजरपोळ काढला. धरलेली कुत्री मारू नका, आमच्याकडे आणून द्या, आम्ही सांभाळतो.

पांजरपोळाचा नियम एका ओळीत मावतो. आलेलं जनावर मरेपर्यंत ठेवायचं आणि मारायचं नाही, मग त्याचे पाय मोडलेले असोत की डोळे गेलेले. चारापाण्याचा खर्च धर्मादायातून, व्यापाऱ्यांच्या लाग्यांतून, म्हणजे मालावर लावलेल्या पट्टीतून. तिथे 'किती दिवस' हा प्रश्नच उठत नाही, कारण त्याचं उत्तर माणसाच्या हातात ठेवलेलंच नाही. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकवून गेलेल्या जॉन लॉकवुड किपलिंगने, म्हणजे रुडयार्डच्या बापाने, १८९१च्या आपल्या पुस्तकात पांजरपोळांवर कडक लिहिलं: दयेच्या नावाखाली जनावरं खितपत ठेवलेली. इंग्रजाला ते दिसणारच. पण मरणाला टेकलेल्या जनावराला रस्त्यावर न सोडता कुठेतरी छप्पर द्यावं हे ज्यांना सुचलं, त्यांच्यावर हसायची माझी हिंमत नाही. गोदीत रिटायरमेंटला आलेल्या माणसाची बदली बसल्या कामावर झाली की आम्ही म्हणायचो, 'पांजरपोळात गेला'. त्यात थट्टा होती तसा थोडा हेवाही होता.

दुसरा हिशोब १८७४चा. त्या वर्षी मुंबईत दोन गोष्टी घडल्या. ९ मेला घोड्यांची ट्राम सुरू झाली, कुलाबा ते पायधुणी. कंपनीच्या तबेल्यात नऊशे घोडे होते असं सांगतात. आणि त्याच वर्षी प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धची संस्था निघाली, जिला आम्ही एसपीसीए म्हणतो. एकीकडे शहर जनावरांच्या जिवावर धावायला लागलं, दुसरीकडे त्या धावण्याचा हिशोब मागणारे उभे राहिले. नुसता दंड करून भागेना. लंगडा बैल गाडीवानाकडून सोडवला, तर ठेवायचा कुठे? गिरणीमालक दिनशॉ माणेकजी पेटिट यांनी परळची जागा दिली, आणि दहाएक वर्षांत त्यांच्या पत्नीच्या नावाने दवाखाना उभा राहिला. त्याला लागूनच २ ऑगस्ट १८८६ रोजी मुंबईचं पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं. देशात त्याआधी असं महाविद्यालय लाहोरलाच होतं.

पहिले प्राचार्य जॉन हेन्री स्टील. लष्करी पशुवैद्य, ब्रह्मदेशातल्या खेचरांच्या 'सुरा' रोगावर काम केलेला माणूस. मुंबईत आला तेव्हा तिशीचा होता आणि १८९१ साली इथेच मेला, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. विलायतेत पशुवैद्यांची जी सर्वोच्च संस्था आहे तिने त्याच्या नावाचं पदक ठेवलं. परळला त्याचं नाव घेणारा माणूस मला भेटलेला नाही.

स्टीलच्या वेळचं शास्त्र खेचराचं, घोड्याचं, बैलाचं. म्हणजे तोफखान्याचं, ट्रामचं आणि खटाऱ्याचं. इथे प्रश्न असा की जनावर पुन्हा कामाला लागेल का? लागणार असेल तर औषध करा, नसेल तर गोळी घाला. घोड्याला ग्लँडर्स झाला तर औषधाची भाषाच नव्हती. रोग माणसालाही लागतो, म्हणून कायद्याने घोडा मारायचा. पायाचं हाड मोडलेल्या घोड्याचं तेच. पांजरपोळवाल्यांना हा खाटीकपणा वाटायचा आणि यांना पांजरपोळ म्हणजे छळ वाटायचा. भुलेश्वर आणि परळ यांच्यात अंतर चार मैलांचं, पण दोन्हीकडची माणसं एकमेकांचं तोंड बघायला तयार नसावीत.

आता आमचे आजोबा. जुन्नरकडून आले, शिवडीला खटारा हाकायचे. खटारा म्हणजे दोन बैलांची लांब मालगाडी. कॉटन ग्रीनच्या डेपोतून गिरण्यांकडे कापसाच्या गाठी न्यायची. कापसाचा बाजार आधी कुलाब्याला होता. १९२०च्या दशकात तो शिवडीला आला आणि येताना 'कॉटन ग्रीन' हे नावही घेऊन आला. कापूस गेला, स्टेशनचं नाव तेवढं राहिलं. एका उन्हाळ्यात आजोबांच्या डाव्या बैलाचा खांदा आला. जू घासून सूज, मग जखम, मग माशा. आजोबांनी हळद-तेल लावून, वर गोणपाटाची घडी ठेवून गाडी चालूच ठेवली. नाक्यावर इन्स्पेक्टरने जू उचलून बघितलं आणि बैल तिथेच सोडवला.

१८९०चा कायदा असा होता की काम करण्याजोगं नसलेलं जनावर जुंपलं तर मालकाला दंड, आणि मॅजिस्ट्रेट सांगेल तोवर जनावर दवाखान्यात; त्याच्या चाऱ्या-औषधाचा खर्चही मालकाच्याच डोक्यावर. वडील तेव्हा लहान होते. सांगायचे की आजोबा रोज संध्याकाळी बैलघोड्यात जाऊन बैलाच्या कानामागे खाजवून यायचे. घरी आले की आजी विचारायची, "आज किती झाले?" म्हणजे खावटीचे. पंचवीस-सव्वीस दिवसांनी बैल भरलेल्या खांद्याने घरी आला, पुढे सहा वर्षं त्याने गाडी ओढली. आजोबा म्हणायचे, चूक माझीच होती. बैल थकला तेव्हा दोन वाटा होत्या, एक वांद्र्याच्या खाटीकखान्याची आणि एक जुन्नरची. त्यांनी तो चालवत गावी नेला. आजीचं मत मात्र शेवटपर्यंत हेच की त्या खावटीत एक वासरू आलं असतं.

आजीला निर्दय म्हणू नका. तिने घर चालवलं. आणि तिच्याकडे बैलासाठी एक वही होती: इतके पैसे घातले, इतकी वर्षं ओढलं, वजाबाकी करा. मांजरासाठी तिच्याकडे वहीच नव्हती.

मांजर या सगळ्या हिशोबाबाहेरचं. तसं म्हटलं तर त्यालाही काम होतं. १८९६ साली मांडवीला प्लेग दिसला आणि पुढे परळच्या प्रयोगशाळेत ग्लेन लिस्टन आणि प्लेग कमिशनच्या मंडळींनी उंदीर आणि त्याच्या पिसवा यांचा माग काढला. तेव्हा मांजराचा भाव अचानक वधारला. वऱ्हाडात बुकॅनन नावाच्या लष्करी डॉक्टरने गावोगावची मांजरं मोजून, जिथे मांजरं जास्त तिथे प्लेग कमी असा दावा १९०८ साली विलायतेतल्या वैद्यकीय नियतकालिकात छापला. मांजरं मोजणारा हा डॉक्टर म्हणजे माझ्याच जातीचा टॅली क्लार्क. लंडनच्या पोस्टखात्याने तर त्याच्याही चाळीस वर्षं आधी, १८६८ साली, तीन मांजरांना मिळून आठवड्याला एक शिलिंग भत्ता मंजूर केला होता.

आमच्या शिवडीच्या वखारींत मांजरांना भत्ता नव्हता, पण राबता होता. कापसाच्या आणि धान्याच्या गोदामात पाच-सात मांजरं असायचीच. हमालांच्या डब्यातला माशाचा काटा हाच त्यांचा पगार. त्यांतलं एखादं आजारी पडलं तर काय करायचे, असं मी वडिलांना एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "दिसायचं बंद व्हायचं." मरायला टेकलेलं मांजर घर सोडतं अशी आपल्याकडे समजूत आहे, आणि ती आपल्याला सोयीची आहे. चाळीत पिलं जास्त झाली की पोत्यात घालून मासळीबाजारात सोडून यायचे, तेही मला आठवतं. मारायचं मात्र कुणी नाही! मांजर मेलं आपल्या हातून तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर दान करावं लागतं, हे आजीने आम्हाला इतकं बजावलं होतं की सायकल चालवताना मांजर आडवं आलं तर मी स्वतः पडायचो. म्हणजे गंमत बघा. मांजर वाचवण्यासाठी दमडी खर्चायची पद्धत नव्हती, मारलं तर सोनं द्यायचं. मांजराची किंमत ठरवणारी एवढी एकच जुनी दरपत्रिका आपल्याकडे होती, आणि ती मेल्यानंतरची होती.

मरेपर्यंत ठेवायचं किंवा कामाचं नसेल तर गोळी घालायची, या दोन टोकांमधली जागा पहिल्यांदा चारचौघांत उघडी केली गांधींनी, १९२८ साली, आणि त्यापायी शिव्या खाल्ल्या. साबरमती आश्रमात एक वासरू जखमी होऊन पडलं. उपचार झाले, उपयोग होईना. त्याला कूसही बदलता येत नव्हती. डॉक्टरने आशा सोडली. गांधींनी आश्रमातल्या लोकांना विचारलं. जो जीव आपण निर्माण करू शकत नाही तो घ्यायचा आपल्याला अधिकार नाही, असं एकाने तोंडावर सांगितलं. तरी शेवटी एका पारशी डॉक्टरकडून विषाची सुई देवविली. दोन मिनिटांच्या आत संपलं. नंतर गांधींनी ते लपवलं नाही, 'नवजीवन' आणि 'यंग इंडिया'त लिहिलं, आणि गुजरात पेटला. पांजरपोळ चालवणाऱ्या समाजांच्या मधोमध राहून त्यांनी म्हटलं की त्या वासराला जगवत ठेवण्यात अहिंसा नव्हती. ते वासरू पुन्हा कामाला येईल का, हा प्रश्न त्यांनी विचारलेला नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. बैलघोड्याच्या इंग्रजी हिशोबातही ते बसत नाहीत आणि भुलेश्वरच्याही नाहीत. त्यांनी फक्त वासराच्या बाजूने बघितलं: याला आता काय होतंय?

पुढे प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या १९६०च्या कायद्यात हे आलं. जिवंत ठेवणं हाच क्रूरपणा ठरत असेल तर जनावराला मरण द्यायचा आदेश न्यायालय देऊ शकतं. हा कायदा आणण्यामागे रुक्मिणीदेवी अरुंडेल यांची खटपट होती, ज्यांना आपण भरतनाट्यमसाठीच ओळखतो.

दरम्यान बैल आणि घोडा शहरातून निघून गेले. घोड्यांच्या ट्राम १९०५ साली बंद झाल्या, १९०७ला विजेच्या आल्या. नंतर लॉऱ्यांनी खटारे संपवले. दवाखान्याचं नाव बैलघोडाच राहिलं आणि आत बाकड्यांवर कुत्री येऊन बसली, त्यांच्यामागून मांजरं. मांजराचा नंबर सगळ्यात शेवटी लागला. जगभर तेच झालं. मांजर म्हणजे लहान कुत्रं, असं समजून औषधं दिली जायची. इंग्लंडमध्ये मांजरांच्या आजारांचा वेगळा विचार करणारी पहिली संस्था निघाली ती १९५८ साली. मांजराचं यकृतच वेगळं. आपण तापावर घेतो ती पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. चाळीत हे अजून अनेकांना ठाऊक नाही, म्हणून मध्येच सांगितलं.

आता तर काय, सगळं होतं. रतन टाटांनी आपला कुत्रा सांधा बदलायला अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात नेला होता. उशीर झालेला होता, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी सांधा एका जागी कायमचा जखडून दिला. त्या अनुभवातून मुंबईतही असं रुग्णालय हवं हे त्यांच्या मनात पक्कं झालं, आणि २०२४च्या जुलैमध्ये महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं लहान प्राण्यांचं रुग्णालय सुरू झालं, १६५ कोटींचं. आमच्या शिवडीपासून टॅक्सीने वीस मिनिटं. म्हणजे 'होऊ शकत नाही' हे उत्तर आता राहिलेलं नाही. आजीला ते उत्तर होतं, वडिलांनाही होतं, आणि खरं सांगतो, त्या श्रावणातल्या रात्री मला त्यांचा हेवा वाटला.

बैलघोड्यातल्या डॉक्टरीणबाई माझ्या मुलीहून लहान. त्यांनी टोपलीची सुतळी स्वतः सोडली. रक्त घेतलं, छातीचा एक्स-रे काढला, गाठीला पट्टी लावून मोजलं. साडेतीन सेंटीमीटर. मग खुर्ची ओढून बसल्या आणि एकेक सांगत गेल्या. मांजरांच्या स्तनातल्या दहा गाठींपैकी आठ-नऊ कॅन्सरच्याच निघतात. दोन सेंटीमीटरच्या आत असताना काढली तर पुढे तीन-तीन वर्षंही मिळतात. तिनाच्या पलीकडे गेली की बहुतेकदा हिशोब महिन्यांचा. फुप्फुसं आज स्वच्छ दिसताहेत, पण एक्स-रेला बारीक दाणा दिसत नाही. आणि क्रिएटिनिन चारच्या वर गेलंय, मूत्रपिंडं थकलीत. "ऑपरेशन करता येईल, काका. भुलीतून ती कशी उठेल, हे मूत्रपिंडं ठरवतील."

"तुमची असती तर?" मी विचारलं. सगळेच विचारत असणार.

"माझी असती तर मला हे दोन वर्षांपूर्वी कळलं असतं," त्या म्हणाल्या. बोलून गेल्यावर त्यांनाच वाईट वाटलं. पण खरं होतं ते.

त्यांनी एक तक्ता समजावून सांगितला. अमेरिकेतल्या ॲलिस व्हिलालोबोस नावाच्या पशुवैद्य बाईंनी २००४ साली केलेला. सात गोष्टी: दुखणं, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, चालणं-फिरणं, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकीला दहापैकी गुण, बेरीज पस्तिसाच्या वर असेल तर चालू द्या. मी घरी येऊन पहिल्याच दिवशी तो भरायला बसलो. 'आनंद: दहापैकी किती?' मी म्हटलं सहा, ही म्हणाली आठ, आणि ठकी पंख्याखाली शेपटी आपटत आमच्याकडे बघत होती. तो कागद मी ठेवून दिला. त्यातली सातवी ओळ मात्र मला माझ्या धंद्याची वाटली.

जुनी टॅलीची वही काढली. दोन रकाने. सकाळी उठून ती गॅलरीच्या कठड्यावर गेली, मांदेली खाल्ली, अंग चाटलं, असा दिवस डावीकडे. कोपऱ्यात पाठ करून बसली, माशाला तोंड लावलं नाही, वाळूच्या घमेल्याच्या बाहेर घाण केली, तो उजवीकडे. ऑपरेशन करायचं नाही हे आम्ही चौथ्या दिवशी ठरवलं. दुखण्यावर गॅबापेंटिन, मळमळीवर एक गोळी, आणि एक दिवसाआड कातडीखाली सलाईन, जे द्यायला हिने डॉक्टरीणबाईंकडून शिकून घेतलं. माझा हात थरथरतो.

पहिल्या तीन आठवड्यांत डावीकडे अठरा, उजवीकडे तीन. मला वाटलं, जिंकलो. चौथ्या आठवड्यात चार आणि तीन. मग गणपती आले. लालबागचे ढोल इकडे ऐकू येत नाहीत, पण चाळीतले येतात. त्या दिवसांत ती कपाटाखालून निघाली नाही, ते आवाजामुळे की गाठीमुळे हे ठरवता येईना आणि मी तीन दिवस कुठल्याच रकान्यात रेघ मारली नाही. चौतीस वर्षांत असं कधी केलं नव्हतं. गणपती गेले. गाठ फुटली, वास यायला लागला. तिचं अंग चाटणं बंद झालं. मांजर स्वतःला चाटायचं थांबवतं तेव्हा त्याने काहीतरी सांगून टाकलेलं असतं, असं ही म्हणाली. त्या आठवड्यात उजव्या रकान्यात चार उभ्या झाल्या, आणि पाचव्या दिवशी त्यांच्यावर आडवी मारायला मी पेन्सिल उचलली तेव्हा हिने वही बाजूला घेतली. "चला," म्हणाली.

पितृपक्षातला दिवस होता. बैलघोड्यात आधी गुंगीची सुई दिली, ती हिच्या मांडीवरच झोपली, मग दुसरी. गांधींच्या वासराला लागला तेवढाच वेळ. मालाडच्या कोंडवाड्यात महापालिकेने लहान प्राण्यांसाठी गॅसची दहनभट्टी केली आहे, २०२३ पासून. पैसे घेत नाहीत. शिवडी ते मालाड टॅक्सीला जे पडले ते ठकीवरच्या एकूण खर्चातली सगळ्यात मोठी एकरकमी नोंद आहे.

आजीचं सोन्याचं मांजर माझ्या अंगावर बसलं का? बसलं असेल. आजोबांनी बैलाला जुन्नरला चालवत नेलं, मी ठकीला तेवढंही नेऊ शकलो नाही, असंही एखाद्या रात्री वाटतं. ऑपरेशन न केल्याचं मात्र वाईट वाटत नाही. गाठ दोन सेंटीमीटरची असताना कळली असती, तर मी बहात्तर हजार मोजले असते आणि एका पैशाची घासाघीस केली नसती.

म्हणून ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांनी एवढं करा. मादी असेल तर पहिल्या माजाच्या आधी, सहा महिन्यांच्या आत, तिचं ऑपरेशन करून घ्या. या कॅन्सरचा धोका त्याने नव्वद टक्क्यांच्या आसपास कमी होतो. ठकीचं आम्ही दोन विणींनंतर, चौथ्या वर्षी केलं. आणि महिन्यातून एकदा, ती मांडीवर उताणी पडलेली असताना, काखेपासून जांघेपर्यंत दोन्ही बाजूंनी बोटं फिरवा. एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला चार. ज्वारीच्या दाण्याएवढं काही लागलं तर वाट बघू नका, त्याच आठवड्यात दाखवा.